स्लोव्हाक 'ईस्त्य': जाणे, येणे की चालणे?

नित्राकर

नमस्कार मंडळी. स्लोव्हाकियातल्या नित्रा शहरात टाटा समूहातल्या जग्वार लँड रोव्हरचा मोटार कारखाना २०१८ मध्ये सुरू झाला. त्या निमित्ताने आणि इतर नोकऱ्यांमुळेही या गावात अधूनमधून मराठी कानावर पडतं. कचेरीत इंग्रजीवर भागतं. पण भाजीवाली, घरमालकीण, सरकारी खिडकी आणि बसचा चालक यांच्याशी बोलायला स्लोव्हाकच लागते.

धागा काढायचं कारण एकच क्रियापद: 'ईस्त्य'. पुस्तकात अर्थ दिलाय 'जाणे'. रूपं अशी: इद्येम (मी), इद्येश (तू), इद्ये (तो/ती/ते), इद्येमे (आम्ही), इद्येत्ये (तुम्ही), इदू (ते). इथपर्यंत ठीक. पण हा शब्द मला दिवसभर भलत्याच ठिकाणी भेटतो.

लिफ्टवर चिठ्ठी: लिफ्ट 'न्येयद्ये'. म्हणजे बंद आहे.
घरमालकिणीला हाक मारली की आतून उत्तर: 'उश इद्येम!' आणि ती येते, जात नाही.
सहकारी विचारतो, 'इद्येश स नामि?' म्हणजे 'आमच्याबरोबर येतोस का?'
डिसेंबर जवळ आला की 'विआनोत्से इदू', नाताळ येतोय.
आभाळ भरून आलं की 'इद्ये प्रशात्य', पाऊस येणार.
'कसं चाललंय?' असं विचारलं की खांदे उडवून 'इद्ये तो'.

वर 'ख़ोद्यित्य' नावाचं दुसरं क्रियापद आहे, त्याचाही अर्थ पुस्तकात 'जाणे'च. दोन्हींतला फरक मराठीतून कुणी नीट सांगेल का? इंग्रजीतून समजावलेलं ऐकून ऐकून डोकं बधिर झालंय.

(ख़ म्हणजे घशातून घासून काढलेला ख. 'द्य' आणि 'त्य' जीभ टाळूला चिकटवून मऊ म्हणायचे. देवनागरीत याहून जवळ जाता येत नाही.)

खवचट_काका

जाणे म्हणजे येणे, आणि येणे म्हणजे लिफ्ट बंद. भाषा छान दिसतेय.

डॅन्यूबकाठची

नित्राकर, मी इथल्या राजधानीत, ब्रातिस्लाव्हात, बरीच वर्षं आहे. माझं म्हणणं सरळ आहे: 'ईस्त्य'समोर 'जाणे' लिहिलंय ते खोडून 'चालणे' लिहा. पायी चालणे नव्हे. 'कुठे चाललास?' मधलं चालणे.

आता तुमचीच यादी पुन्हा वाचा. लिफ्ट चालत नाही. कसं चाललंय, तर चाललंय. 'चो इद्ये फ़् तेल्के?' टीव्हीवर काय चालू आहे? घड्याळ 'इद्ये', म्हणजे चालतं. 'तो न्येयद्ये', हे चालायचं नाही, जमायचं नाही. 'ओ चो इद्ये?' काय चाललंय, भानगड काय आहे? 'आको त्यि इद्ये स्लोवेन्चिना?' स्लोव्हाकचं कसं चाललंय?

आणि दोन क्रियापदांतला फरक तर मराठी माणसाला आयताच मिळालाय.

मी शाळेत चाललोय = इद्येम दो श्कोली.
मी शाळेत जातो = ख़ोद्यीम दो श्कोली.

पहिल्या वाक्यातला माणूस आत्ता रस्त्यावर आहे, पाठीला दप्तर आहे. दुसऱ्यातला माणूस घरी अंथरुणात लोळत असेल, पण तो विद्यार्थी आहे. 'काम इद्येश?' म्हणजे आत्ता कुठे चाललास. 'काम ख़ोद्यीश ना ओबेत?' म्हणजे एरवी जेवायला कुठे जातोस. इंग्रज माणसाला हे शिकवायला धडे लागतात. आपण 'चाललोय' आणि 'जातो' यांत गल्लत करत नाही, मग इथे का करावी?

(हो, 'काम' म्हणजे 'कुठे'. आपल्या कामाशी संबंध नाही. कामाला इथे 'प्रात्सा' म्हणतात.)

मृण्मयी_द

डॅन्यूबकाठची, कल्पना आवडली, पण पूर्ण पटली नाही. बाळ पहिलं पाऊल टाकतं तेव्हा आपण म्हणतो 'चालायला लागलं'. स्लोव्हाकमध्ये तिथे 'उश ख़ोद्यी'. म्हणजे चालणे झालं ख़ोद्यित्य! शिवाय नित्राकरांच्या यादीतल्या 'येण्या'चं काय? नाताळ 'चालत' येत नाही.

डॅन्यूबकाठची

बाळाचा मुद्दा बरोबर. पण बाळ कुठे चाललेलं नसतं, त्याला चालता येतं. एका दिशेने एकदाच जाणं असेल तर ईस्त्य. सवय, येरझार, इकडेतिकडे फिरणं किंवा निव्वळ क्षमता असेल तर ख़ोद्यित्य. 'ख़ोद्यित्य पो मेस्त्ये' म्हणजे गावभर हिंडणे. डोक्यात एखादा विचार घोळत राहतो तेव्हा तो 'ख़ोद्यी पो रोज़ुमे'. शाळा बुडवून बाहेर भटकणारा पोरगा 'ख़ोद्यी पोज़ा श्कोलु', शाळेच्या पाठीमागून फिरतो. आणि दोघं एकमेकांबरोबर 'ख़ोद्या' म्हटलं की समजायचं, जमलंय त्यांचं.

येण्याचं उत्तर वेगळं आहे. मराठीत बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ये की जा ते ठरतं. ईस्त्यला त्याचं सोयरसुतक नाही, हालचाल चालू आहे एवढंच तो सांगतो. म्हणून 'इद्येम क त्येबे' म्हणजे तुझ्याकडे येतोय, आणि 'इद्येम दोमोउ' म्हणजे घरी चाललोय. येणं-जाणं स्पष्ट करायचंच असेल तर उपसर्ग लावतात: प्रीस्त्य म्हणजे येऊन पोचणे, ओद्यीस्त्य म्हणजे निघून जाणे.

कोशकीटक

थोडं मुळाकडे जातो, कंटाळा येईल त्यांनी पुढच्या प्रतिसादावर उडी मारावी.

'इद्ये'चा धातू आणि संस्कृतातला 'इ' धातू (एमि, एषि, एति) एकच आहेत. लिथुआनियनमधलं 'एइती' त्यांचंच भावंड. गंमत म्हणजे मराठी 'येणे' याचं मूळही कोशांमध्ये 'एति'कडेच नेलेलं आहे, तर 'जाणे' निघालं 'याति'पासून. तेव्हा घरमालकीण 'इद्येम' म्हणत येते त्यात काही गैर नाही. 'येते'मधला 'ये' आणि 'इद्येम'मधला 'इ' एकाच घरातले आहेत.

दुसरं. भूतकाळात हे क्रियापद अख्खं बदलतं: इद्येम, पण 'इश्येल सोम' (पुरुष), 'इश्ला सोम' (बाई). 'श्येल', 'श्ला' अशी तोकडी रूपंही चालतात. भविष्यात तिसराच चेहरा: 'प्वोयद्येम'. लोक याला अनियमित म्हणून नाकं मुरडतात. आपण 'जातो' म्हणतो आणि भूतकाळात 'गेलो', तिथे 'ज' कुठे उरतो? या आणि गम् असे दोन धातू आपण बिनदिक्कत एकत्र नांदवतो.

लिंगभेद मात्र त्यांच्याकडे एकवचनापुरताच. अनेकवचनात सगळ्यांना 'इश्लि'. गेले, गेल्या, गेली अशी भानगड नाही.

व्ल्तावाचा_पाहुणा

प्रागहून लिहितोय. स्लोव्हाक लोकांची इथे या क्रियापदावरून हमखास फिरकी घेतली जाते. चेकमध्ये पायी जाण्याला 'यीत' आणि वाहनाने जाण्याला 'येत' अशी दोन वेगळी क्रियापदं आहेत आणि ती अदलाबदल करता येत नाहीत. स्लोव्हाक माणूस सवयीने म्हणतो, ब्रनोला (चेकमधलं शहर) ईस्त्य. चेक लगेच विचारतो, 'पायी?' १९९३ च्या १ जानेवारीला चेक आणि स्लोव्हाक देश वेगळे झाले, पण हा विनोद काही वेगळा झाला नाही.

स्लोव्हाकमध्ये पाय आणि चाकं दोन्हींना ईस्त्य पुरतो. वाहन सांगायचं तर नामाला तृतीया लावायची: इद्येम व्लाकोम (आगगाडीने), आउतोबुसोम (बसने), आउतोम (गाडीने), एलेक्त्रिच्कोउ (ट्रामने). पायी असेल तर 'पेशो'. मराठी माणसाला फुकटात मिळालेली गोष्ट, कारण आपला 'ने' तेच काम करतो आणि आपणही बसने 'जातो'च. चेक शिकताना मला मात्र दरवेळी थांबून पायांचा विचार करावा लागतो.

खवचट_काका

म्हणजे विमानाने 'यीत' म्हटलं तर काय, चालत अरबी समुद्र?

व्ल्तावाचा_पाहुणा

काका, विमानाला दोन्हीकडे वेगळं क्रियापद आहे, उडण्याचं. स्लोव्हाकमध्ये 'लेत्यियेत्य'च्या जवळचा उच्चार. त्यातही पुन्हा सवयीचं 'लियेतात्य' वेगळं. पळणे, नेणे, वाहून नेणे, सगळ्यांच्या अशा जोड्या आहेत. ईस्त्य-ख़ोद्यित्य पक्की झाली की बाकीच्या आपोआप कळतात.

नित्राकर

सगळ्यांचे आभार. 'चाललोय/जातो' ही किल्ली लगेच लागू पडली. आता पुढचा घोळ: कुठे जायचं ते सांगताना कधी 'दो', कधी 'ना', कधी 'क', कधी 'पो'. यात काही तर्क आहे का नुसतं पाठांतर?

डॅन्यूबकाठची

अर्धा तर्क, अर्धं पाठांतर.

आत शिरायची जागा असेल तर 'दो': शाळेत, दुकानात, कामावर, कोशित्से शहराला, भारतात (दो इंदिये). माणसाकडे जायचं असेल तर 'क': डॉक्टरकडे, आजीकडे. आपल्या 'कडे'ला हा चपखल बसतो, इतका की मी तो तसाच पाठ केला.

'ना' जरा लहरी आहे. पोस्टात, स्टेशनवर, मोराव्हियात (चेकचा पूर्वेकडचा भाग) आणि खुद्द स्लोव्हाकियात जायला 'ना' लागतो. हंगेरीत जायला मात्र 'दो'. का, ते विचारू नका. पण 'ना'चा दुसरा उपयोग एकदम आपला आहे, कामाचा हेतू सांगणारा 'ला': ना कावु (कॉफीला), ना पिवो (बियरला), ना ओबेत (जेवायला), ना तूरु (डोंगरात भटकायला). पावसाळी उन्हाळा संपत आला की अख्खा देश 'ना ह्रीबि' जातो, म्हणजे जंगलात अळंब्या वेचायला. सोमवारी कचेरीत कुणाला किती मिळाल्या याच्या गप्पा.

'पो' म्हणजे आणायला. इद्येम पो ख़्लियेप, पाव आणायला चाललो. इद्येम पो द्येत्यि, मुलांना आणायला.

मृण्मयी_द

पो वोदु म्हणजे पाणी आणायला, बरोबर? गावाकडे आमच्या आत्या 'पाण्याला गेली', 'लाकडाला गेली' असंच म्हणायच्या. 'आणायला' हा शब्द मध्ये यायचाच नाही.

डॅन्यूबकाठची

अगदी तेच.

हॉर्नाडकर

पूर्वेकडून नमस्कार, मी कोशित्सेत असतो. तुम्ही सगळे पुस्तकी बोलताय. प्रमाण भाषेत 'काम' म्हणजे कुठे (जायचं) आणि 'ग्द्ये' म्हणजे कुठे (असणं). 'काम इद्येश', पण 'ग्द्ये सि'. आमच्याकडे आणि खरं तर बोलताना देशभर पुष्कळ लोक सर्रास 'ग्द्ये इद्येश?' म्हणतात. शाळेतल्या बाई दुरुस्त करत राहतात, लोक म्हणत राहतात. मराठीत 'कुठे आहेस' आणि 'कुठे चाललास' दोन्हीला एकच 'कुठे', त्यामुळे मला ही चूक चूकच वाटत नाही.

खास पूर्वेच्या बोलीत तर 'द्ज़े इद्ज़ेश?' ऐकू येतं. मऊ द्य-त्यच्या जागी द्ज़ आणि त्स, आणि जोर शब्दाच्या पहिल्या अक्षराऐवजी शेवटून दुसऱ्यावर. ब्रातिस्लाव्हात कुणी असं बोललं की लोक ओळखतात, हा पूर्वेचा.

डॅन्यूबकाठची

बोलताना म्हणा हो. नागरिकत्वाच्या मुलाखतीत किंवा परीक्षेत मात्र 'काम'च लिहा. शंका आली तर ल्युदोवीत श्तूर भाषासंस्थेचे शब्दकोश आंतरजालावर फुकट उघडतात, तिथे ईस्त्यचे अर्थ वाचून बघा. जेवणाच्या सुट्टीत संपत नाहीत.

रुळावरचा

मी भाषेचा नाही, रेल्वेचा माणूस, पण हा धागा मला स्टेशनवर उपयोगी पडला असता. तिथल्या सगळ्या पाट्या 'ख़ोद' या एका तुकड्यावर उभ्या आहेत. 'प्रीख़ोदी' म्हणजे येणाऱ्या गाड्या, 'ओतख़ोदी' जाणाऱ्या. 'वीख़ोत' म्हणजे बाहेर पडायचा दरवाजा. 'फ़्ख़ोत' आत यायचा. 'प्रियेख़ोत' म्हणजे रस्ता ओलांडायची जागा, 'ख़ोद्निक' पदपथ, 'स्ख़ोदी' जिने, 'ओपख़ोत' दुकान.

'वीख़ोत'चा दुसरा अर्थ पूर्व दिशा आणि सूर्योदय. म्हणजे बोगद्यात बाण दाखवून 'पूर्व' लिहिलेलं दिसलं तर कंपास काढू नका, जिना चढा.

सगळ्यात आवडता शब्द 'रोज़ख़ोत'. प्रेमी युगुलाची फारकत म्हणजे रोज़ख़ोत, आणि रुळांमधलं अंतर, आपण गेज म्हणतो ते, तेही रोज़ख़ोत. पोप्राद स्टेशनवरून उंच तात्रा डोंगरांत जाणारी ती छोटी विजेची गाडी १००० मिमी रोज़ख़ोतवर धावते. बाजूलाच मुख्य मार्गावर १४३५. आणि युक्रेनच्या सीमेवरून कोशित्सेच्या पोलाद कारखान्याकडे येणारा मालगाड्यांचा रूळ १५२० मिमीचा. एवढ्याशा देशात तीन-तीन रोज़ख़ोत.

आणि हो, गाडी चुकली तर 'उश्येल मि व्लाक'. शब्दशः गाडी माझ्यापासून पळून गेली. दोष गाडीचा! आपल्याकडे 'गाडी चुकली' म्हणताना निदान संशय आपल्यावर येतो.

खवचट_काका

मला ही भाषा आवडायला लागली.

कोशकीटक

रुळावरचा यांनी उपसर्गांचा विषय काढलाच आहे तर दोन-तीन राहिलेले सांगतो, सगळे नाही, कारण ते संपणार नाहीत.

'नाय्स्त्य' म्हणजे सापडणे. 'ना' अधिक 'ईस्त्य', चालता चालता एखाद्या गोष्टीवर येऊन ठेपणे. 'द्वोय्स्त्य' म्हणजे पोचणे, पण 'दोश्लो म्लियेको' म्हणजे दूध संपलं, आणि 'दोश्लो मि तो' म्हणजे माझ्या लक्षात आलं. दुधाचं संपणं आणि डोक्यात प्रकाश पडणं एकाच क्रियापदात. 'विय्स्त्य' म्हणजे बाहेर निघणे: सूर्य निघतो, पुस्तक निघतं, हिशेब बरोबर निघतो. इथे मराठी 'निघणे' त्याच्या मागोमाग तिन्ही ठिकाणी जातं. 'प्रीस्त्य'ला 'ओ' जोडला तर मात्र सावध राहा: 'प्रिश्येल ओ प्रात्सु' म्हणजे कामावर आला नव्हे, त्याची नोकरी गेली.

आज्ञार्थही सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी विचारेलच. 'जा' म्हणजे 'ख़ोद्य', 'ये' म्हणजे 'पोद्य'. 'चला' म्हणजे 'पोद्यमे'. दारात पाहुणा उभा असेल तर 'पोद्यत्ये द्यालेय', या ना आत. 'जाऊ नको' म्हणजे 'न्येख़ोद्य'.

मृण्मयी_द

निरोप घेताना काय म्हणतात? आमच्याकडे 'जातो' म्हटलं की आजी अंगावर यायची, 'येतो म्हण'.

डॅन्यूबकाठची

'ताक या इद्येम', बरं मी चाललो, असं तोंडावर म्हणतात आणि कुणाला काही वाटत नाही. पण पाठोपाठ 'दोविद्येन्या' येतं, म्हणजे पुन्हा दिसेपर्यंत. तुमच्या आजींचं काम तो शब्द करतो.

तात्पुरती_सून

वाचनमात्र होते, पण आता अडले आहे म्हणून विचारते. सासूबाई इथे माझ्याकडे आल्या आहेत आणि गुडघ्याचं दुखणं निघालंय. घरमालकांना निरोप लिहायचाय: त्या उद्या डॉक्टरकडे जाणार आहेत, नंतर फिजिओथेरपीला दर आठवड्याला जात जातील. 'बुद्येम ईस्त्य' असं काहीतरी लिहिलं तर यंत्र लाल रेघ मारतंय.

कोशकीटक

रेघ बरोबर आहे. 'बुद्येम' लावून ईस्त्यचा भविष्यकाळ होत नाही. एकदाचं जाणं असेल तर 'प्वोयद्ये', नेमाने जाणं असेल तर 'बुद्ये ख़ोद्यित्य'. तुम्हीच मराठीत 'जाणार' आणि 'जात जातील' असं वेगळं लिहिलंय, तेच इथे हवं:

स्वोक्रा ज़ायत्रा प्वोयद्ये ग् लेकारोवि, पोतोम बुद्ये ख़ोद्यित्य काझ्दी तीझ्द्येन्य ना रेहाबिलितात्सियु.

('ग्' म्हणजे वरचा 'क'च, इथे ऐकू तसा येतो.) फिजिओथेरपीला इथे बहुतेक लोक 'रेहाबिलितात्सिया'च म्हणतात.

तात्पुरती_सून

खूप खूप आभार! पण हे 'प्वोयद्ये' एकेरी ना? सासूबाई 'जाईल' असं लिहायचं जिवावर येतंय.

हॉर्नाडकर

ताई, लिहा निर्धास्त, आजकाल सगळे एकेरीच लिहितात. समोरच्याशी बोलताना तेवढं आदराने 'वि' आणि अनेकवचन, 'काम इद्येत्ये?' एवढं पुरे. पण तुमची हौसच असेल तर सांगतो, इथल्या खेड्यांत जुन्या माणसांच्या तोंडी आईबापांबद्दल, आजी-आजोबांबद्दल अजून आदरार्थी अनेकवचन ऐकू येतं. 'मामा इश्लि दो कोस्तोला'. मामा म्हणजे आई. आई चर्चमध्ये गेल्या.

तात्पुरती_सून

मग मी 'प्वोयदु'च लिहिते. घरमालक खेड्यातलेच आहेत.